उजेड कुठल्या बाजूने?

फेब्रुवारीत शिवजयंती, एप्रिलात आंबेडकर जयंती, सप्टेंबरात मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्यामागोमाग नवरात्र आणि दिवाळी. हे दिवस जवळ आले की छत्रपती संभाजीनगरात क्रांती चौकापासून भडकल गेटपर्यंत आणि पुढे टीव्ही सेंटरपर्यंत खांब, कमानी, भिंती फ्लेक्सने भरून जातात. सोनेरी अक्षरे चमकतात, मागे ढग उसळतात, ठिणग्या उडतात, दौलताबादचा किल्ला धुक्यातून वर येतो. ही चित्रे कुठल्या मोठ्या स्टुडिओत होत नाहीत. गल्लीतल्या डीटीपी सेंटरात, दोन-तीन संगणकांवर, सणाच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत बसून ती तयार होतात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत दुकानाचे नाव आणि मोबाइल नंबर, एवढीच त्या कामाखालची सही.

पुढच्या पानांचा विषय हीच कला आहे. फोटोशॉप, गिंप किंवा मोबाइलवरच्या एखाद्या ॲपात चित्रावर संस्कार करून डोळ्यांत भरणारा परिणाम कसा साधायचा, हा तो विषय. गिऱ्हाईक काउंटरवर येते तेव्हा त्याची मागणी ठरलेली असते: अक्षरांना ग्लो द्या, शॅडो द्या, जरा थ्रीडी करा, मागे कैलास लेणे टाका. या प्रत्येक गोष्टीला मेन्यूत एक बटण आहे. म्हणून परिणाम बटणातच असतो, असा समज नवशिक्यांत पसरलेला दिसतो. त्या समजाला या प्रस्तावनेत ठाम उत्तर द्यायचे आहे. सॉफ्टवेअर फक्त आकडेमोड करते. चित्रात उजेड कुठल्या बाजूने येतो, हे माणसाला ठरवावे लागते, आणि ते एकदा ठरले की सावली, चमक, उठाव, धुके या सगळ्यांची जागा आपोआप नक्की होते. ते ठरलेच नसेल तर दहा इफेक्ट एकमेकांशी भांडत बसतात आणि वीस फुटांवरून जाणाऱ्याला नुसता गोंधळ दिसतो.

ही गोष्ट शिकायला या शहरातल्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे.

पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्याच्या डाव्या हाताला बोधिसत्त्व पद्मपाणी उभा आहे. वाकाटकांच्या काळातले, पाचव्या शतकातले हे काम. चेहरा जवळून पाहिला तर नाकाच्या कण्यावर फिकट रंगाचा पट्टा दिसतो. त्या पट्ट्यापासून गालाकडे जाताना रंग हळूहळू गडद होतो आणि सपाट भिंतीवर नाक उचलून येते. गळ्यातल्या मोत्यांसाठी पांढरा रंग जाडसर लावलेला आहे. गाइड बाजूने दिवा धरतात तेव्हा ते मोती भिंतीवरून सुटे झाल्यासारखे वाटतात. आकृतीच्या मागची पार्श्वभूमी मुद्दाम काळपट ठेवली आहे, म्हणून उजळ देह पुढे येतो. आसपासचे खडक ठोकळ्यांसारखे काढलेले आहेत आणि प्रत्येक ठोकळ्याची एक बाजू उजळ, दुसरी गडद आहे. आज ‘बेव्हल’ नावाच्या इफेक्टात संगणक नेमके हेच करतो: आकाराची एक कड उजळ, समोरची गडद. अजिंठ्याच्या चित्रकाराकडे गेरू, पिवडी, हिरवी माती, काजळी, चुना आणि दूर अफगाणिस्तानातून आलेला निळा लाजवर्द, एवढेच रंग होते. लेण्याच्या आत दिवसाही उजेड बेताचा असतो. तेवढ्या तुटपुंज्या साधनांत हा उठाव साधला, तो उजेडाचा विचार पक्का होता म्हणून.

तो विचार शास्त्रातही उतरलेला आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्रात छायेच्या तीन पद्धती सांगितल्या आहेत: पत्रवर्तना, ऐरिकवर्तना आणि बिंदुवर्तना. पहिलीत पानाच्या शिरांसारख्या रेघा, दुसरीत अतिशय तलम छटा, तिसरीत ठिपके. आजच्या भाषेत सांगायचे तर रेघांचा ब्रश, मऊ ग्रेडियंट आणि ठिपक्यांचा नॉइज. साधने बदलली तरी गडदाकडून उजळाकडे जायचे मार्ग बहुतेक तेच राहिले. नव्या डिझायनरने ट्युटोरियल पाहण्याआधी एक दिवस अजिंठ्याला घालवावा, हा आग्रह यासाठीच आहे. तिथे फ्लॅश चालत नाही हेही बरेच आहे, कारण मग पाहण्यावाचून दुसरे काही करता येत नाही.

मधल्या काळात या कलेने महाराष्ट्रात बरीच वळणे घेतली. दादासाहेब फाळके छायाचित्रण आणि छपाई शिकलेले होते, जादूचे प्रयोगही करायचे. एकाच फिल्मवर दोनदा चित्रण करून त्यांनी देव प्रकट केले आणि अदृश्य केले. एका वेळी फिल्मचा एक भाग झाकायचा, दुसऱ्या वेळी दुसरा. आजच्या सॉफ्टवेअरमधला मास्क तोच आहे: जिथे काळे तिथे झाकलेले, जिथे पांढरे तिथे उघडे. पुढे दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी दिवाळी अंकांची मुखपृष्ठे आणि कॅलेंडरे घराघरांत पोचवली. मुळगावकरांच्या देवदेवतांच्या कांतीभोवती जे तेज दिसते, ते एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबाने फवारलेल्या रंगाने आलेले आहे. ‘आउटर ग्लो’चे बटण निघण्याच्या कितीतरी आधी मराठी घरांच्या भिंतींवर तो ग्लो होता. त्यातही एक शिस्त होती. तेज चेहऱ्यामागून येत असेल तर खांद्याच्या कडेवरही त्याची पुसट रेघ यायची. आज बॅनरवरचा फोटो नुसता कापून चिकटवलेला वाटतो, कारण बहुतेकदा ही रेघच राहून गेलेली असते.

मग १९८७ साल येते. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात पीएचडी करणाऱ्या थॉमस नोलने मॅकिन्टॉशच्या काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्टच्या क्षेत्रात काम करत होता. यातून काय होऊ शकते हे त्याने ओळखले. ॲडोबी कंपनीने तो प्रोग्रॅम घेतला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आले. त्यात लेयर नव्हते. ते १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आले. ड्रॉप शॅडो, ग्लो, बेव्हल असे तयार लेयर इफेक्ट १९९८ च्या पाचव्या आवृत्तीत मिळाले. त्याआधी अक्षराखाली सावली पाडायची तर अक्षराच्या आकाराची प्रत काढा, ती खाली-उजवीकडे सरकवा, धूसर करा आणि मूळ चित्रात गडद करून मिसळा, हे सगळे हाताने करावे लागे. ज्यांनी ते हाताने केले त्यांना सावली म्हणजे काय ते कळले. पुढच्या पानांतही पहिली सावली बटण न दाबता, हातानेच पाडायची आहे.

त्या सावलीतले गणित सोपे आहे आणि ते समजून घेण्यात गंमत आहे. पडद्यावरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे; प्रत्येक आकडा ० ते २५५. समजा, एका मातीच्या भिंतीचा रंग २००, १५०, १०० आहे. तिच्यावर मध्यम करड्या रंगाची, म्हणजे १२८ ची सावली नुसती ठेवली तर भिंत झाकली जाते आणि करडा डाग दिसतो. तीच सावली ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने मिसळली तर संगणक दोन आकड्यांचा गुणाकार करून २५५ ने भागतो. भिंत १००, ७५, ५० होते. रंग निम्म्यावर आला, पण मातीपणा टिकला. भिंतीवरची भेग, ओरखडा सावलीतही दिसत राहिला. ‘स्क्रीन’ ही पद्धत याच्या उलट चालते आणि दोन उजेड एकत्र करते. १२८ वर १२८ स्क्रीन केले की १९२ च्या आसपास आकडा येतो. म्हणून ठिणग्या, दिव्यांचे झोत, धुके काळ्या पार्श्वभूमीवर काढायचे आणि स्क्रीन करून चित्रावर ठेवायचे. काळे आपोआप नाहीसे होते, उजेड तेवढा उरतो. बाजारात मिळणाऱ्या ‘ओव्हरले पॅक’मधल्या बहुतेक ठिणग्या आणि धूर याच कारणाने काळ्या पार्श्वभूमीवर असतात.

खरी सावली मात्र सगळीकडे सारखी नसते, आणि इथेच कच्चे काम उघडे पडते. माणूस जमिनीवर उभा असेल तर पायाच्या बोटांपाशी सावली गडद आणि धारदार असते, दूर जाईल तशी ती मऊ आणि फिकट होत जाते. उघड्या आकाशाखाली ती निखळ काळी नसते, तिच्यात आकाशाची निळसर झाक असते. ड्रॉप शॅडोचे बटण यातले काहीच जाणत नाही. ते एकसारखी सावली पाडते. कागदावर चिकटवलेल्या अक्षराला ती शोभते, बीबी का मकबऱ्यासमोर उभ्या केलेल्या नेत्याला नाही. तिथे दोन सावल्या लागतात: पायाशी छोटी गडद आणि तिच्यातून निघणारी लांब धूसर. शिवाय क्षितिजरेषा जुळावी लागते. फोटो डोळ्याच्या उंचीवरून काढलेला असेल तर पार्श्वभूमीचे क्षितिज त्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर यायला हवे. ते कमरेशी आले तर माणूस राक्षसासारखा भासतो आणि पाहणाऱ्याला नेमके काय चुकले ते सांगता येत नाही, एवढेच जाणवते की चित्र खोटे आहे.

आता अक्षरांकडे. देवनागरीचे प्रश्न वेगळे आहेत आणि इंग्रजी ट्युटोरियलमध्ये त्यांची उत्तरे सापडत नाहीत.

पहिला प्रश्न अगदी मुळातला. फोटोशॉपमध्ये भारतीय लिपींसाठीची मजकूर-मांडणी निवडलेली नसेल तर युनिकोडमधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते आणि जोडाक्षरे फुटतात. ‘शिवजयंती’चा पार चुराडा होतो. त्यामुळे कितीतरी दुकाने आजही श्रीलिपी किंवा आकृतीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप करतात आणि व्हॉट्सॲपवर आलेला युनिकोड मजकूर कन्व्हर्टरमधून काढून घेतात. सेटिंगमध्ये मांडणी एकदा बदलली की हा वळसा वाचतो. दुसरा प्रश्न शिरोरेषेचा. देवनागरीतली अक्षरे शेजारच्या अक्षराला शिरोरेषेने भिडतात, अनेक फॉन्टमध्ये ती एकमेकांवर थोडी चढलेलीही असतात. कोरल ड्रॉमध्ये अशा शब्दाला आउटलाइन दिली की जिथे दोन अक्षरे एकमेकांवर चढली आहेत, तिथे शिरोरेषेत आडव्यात उभे छेद दिसू लागतात. मग शब्द कर्व्हमध्ये बदलून ‘वेल्ड’ करावा लागतो. फोटोशॉपचा स्ट्रोक पूर्ण शब्दाची मिळून एक कड धरतो, म्हणून तिथे हे छेद येत नाहीत. तिसरा प्रश्न उठावाचा. उभा दंड ४० पिक्सेल जाड असेल आणि बेव्हल २० पिक्सेलचे दिले, तर दोन्ही बाजूंचे उतार बरोबर मधोमध भेटतात आणि छिन्नीने कोरल्यासारखी धार येते. पण अनुस्वाराचे टिंब, रफार, उकाराचे शेपूट हे भाग दंडापेक्षा बारीक असतात. तिथे तेच बेव्हल आकार गिळून टाकते. शहराच्या नव्या नावाने या अडचणीत भर घातली. ‘औरंगाबाद’ एका दमात एका ओळीत बसायचे. ‘छत्रपती संभाजीनगर’ दोन शब्दांचे, लांब, त्यात ‘छ’ आणि ‘त्र’ गुंतागुंतीचे. पूर्वीच्या कमानीत ते कोंबले की अक्षरे लहान होतात आणि सोनेरी इफेक्टात त्यांची पोकळी बुजते. नाव दोन ओळींत घ्यावे आणि बेव्हल कमी करावे, हा त्यावरचा सरळ उपाय.

मराठीत या बाबतीत मोठा वारसा आहे. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलेली शीर्षके पाहावीत. अक्षराच्या आकारातूनच नाटकाचा स्वभाव कळायचा; ग्लो नाही, सोनेरी रंग नाही, बहुतेक वेळा वर्तमानपत्राची काळी शाई तेवढी. मूळ अक्षर जोरकस असेल तर त्याला थोडा इफेक्टही पुरतो. उलट दुबळ्या अक्षरावर कितीही मुलामा चढवला तरी ते लांबून वाचता येत नाही.

पडद्यावर चमकणारे चित्र फ्लेक्सवर मलूल होते, ही डिझायनर आणि गिऱ्हाईक यांच्यातली नेहमीची तक्रार आहे. पडदा स्वतः उजेड फेकतो. फ्लेक्स बाहेरचा उजेड परत पाठवतो. पडद्यावरचे झगझगीत हिरवे आणि विजेसारखे निळे सियान, मजेंटा, यलो, ब्लॅक या चार शायांत बसतच नाही. तेव्हा चमक हवी असेल तर ती रंगाच्या भडकपणातून आणता येत नाही, शेजारच्या गडद रंगाशी असलेल्या फरकातून आणावी लागते. पद्मपाणीच्या मागची काळपट भिंत इथे पुन्हा कामाला येते.

आकाराचा हिशेबही समजून घ्यावा. दहा बाय वीस फुटांचा फ्लेक्स ७२ डीपीआयने केला तर ८,६४० गुणिले १७,२८०, म्हणजे सुमारे १५ कोटी पिक्सेल होतात. चार रंगांत एकच लेयर जवळपास ६०० एमबी भरतो. कुणी ‘क्वालिटी हवी’ म्हणून तोच फ्लेक्स ३०० डीपीआयवर घेतला तर पिक्सेल २५९ कोटींवर आणि एक लेयर दहा जीबीच्या पुढे जातो. पीएसडी फाइल एका बाजूला ३०,००० पिक्सेलपेक्षा मोठी होतच नाही, त्यासाठी पीएसबी घ्यावी लागते. आणि एवढे करून उपयोग शून्य, कारण रस्त्यावरून जाणारा तो फ्लेक्स वीस-पंचवीस फुटांवरून पाहतो.

गेल्या काही वर्षांत हे काम मोबाइलवर आले आहे. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे बॅनर पिक्सेललॅबवर होतात, त्यांच्या तयार पीएलपी फाइली एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरतात आणि कॉलेजची मुले पंधरा मिनिटांत नाव-फोटो बदलून स्टेटस तयार करतात. संगणक घरात नसलेल्या मुलाच्या हाती ही कला आली, ही फार चांगली गोष्ट आहे. तीच फाइल उघडून एकेक लेयर बंद-चालू करत पाहिली तर ती उत्तम पाठ्यपुस्तक ठरते: कुठला लेयर मल्टिप्लाय आहे, चमक कुठे ठेवली आहे, मास्क कुठे संपतो. बनवलेले चित्र उसवून पाहण्याची ही सवय शिकवणीच्या वर्गापेक्षा जास्त देते.

आणखी एक क्षेत्र आहे, जिथे ही साधने झगमगाटासाठी नव्हे तर हरवलेले परत दिसावे म्हणून वापरली जातात. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करण्याचा इतिहास दुःखद आहे. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून कित्येक वर्षे अजिंठ्यात राहून नकला केल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत गेल्या. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा तेच काम केले. त्यांच्याही अनेक नकला १८८५ च्या आगीत लंडनलाच जळाल्या. इकडे मूळ चित्रांवर संरक्षणासाठी लावलेली व्हार्निश आणि लाखेची पुटे पिवळी पडत गेली. आपल्या काळात नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी लेण्यांतल्या मंद उजेडातच ही चित्रे टिपली आणि संगणकावर त्यांचा डिजिटल जीर्णोद्धार हाती घेतला. अशा कामात भिंतीला हात लागत नाही. पिवळी झाक कर्व्हने उतरवता येते, भेग शेजारच्या पोताने भरता येते, पुसटलेली रेघ मूळ वळणावरून पुढे नेता येते.

पण इथे हात आवरावा लागतो. गिलावाच गळून पडला असेल तिथे काय होते याचा पुरावा उरलेला नसतो. ग्रिफिथ्स किंवा याझदानी यांच्या अजिंठ्यावरील ग्रंथांतल्या छापील प्रतींत तो भाग सापडला तर आधार मिळतो, नाहीतर ती जागा कोरी सोडणे हेच प्रामाणिक काम. २०१० साली फोटोशॉपमध्ये ‘कंटेंट-अवेअर फिल’ आले, २०२३ मध्ये ‘जनरेटिव्ह फिल’ आले. एका वाक्यावर रिकामी भिंत भरून मिळते. बॅनरच्या आकाशात ढग वाढवायला हे साधन सुरेख आहे. अजिंठ्याच्या भिंतीवर मात्र ते बोधिसत्त्वाला बोटे बहाल करील आणि ती पाचव्या शतकातल्या कुणीच काढलेली नसतील. म्हणून जीर्णोद्धाराच्या फाइलीत मूळ फोटो सर्वांत खाली जसाच्या तसा ठेवायचा, प्रत्येक दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करायची आणि अंदाजाने भरलेल्या भागांचा एक स्वतंत्र गट करायचा, म्हणजे पुढच्या अभ्यासकाला ते एका क्लिकमध्ये बंद करता येतील. हीच पद्धत जुन्या लग्नाच्या फोटोला, आजोबांच्या डाग पडलेल्या पासपोर्ट फोटोलाही लागू आहे. चेहऱ्यावरचा डाग काढावा, तीळ नाही.

पुढच्या पानांतला क्रम या सगळ्या विचारातून ठरला आहे. आधी निवड आणि मास्क, मग मिसळण्याच्या पद्धती, मग सावली आणि चमक, मग देवनागरी अक्षर, शेवटी छपाई. प्रत्येक सरावात पहिली पायरी एकच ठेवली आहे: रिकाम्या लेयरवर एक बाण काढायचा, उजेड येतो त्या दिशेने. लेयर इफेक्टमध्ये ‘ग्लोबल लाइट’ चालू ठेवला तर सगळ्या सावल्या त्या बाणाला धरून राहतात. काम संपेपर्यंत बाण पुसायचा नाही. फाइल छपाईला पाठवण्याआधी चित्राचा सर्वांत उजळ आणि सर्वांत गडद भाग जिथे शेजारी आहेत, तेवढा एक फुटाचा तुकडा त्याच मशीनवर, त्याच मटेरियलवर छापून घ्यावा. तो दुपारच्या उन्हात दुकानाबाहेर टांगावा, रस्ता ओलांडून पलीकडून पाहावा, आणि रंगांत काही फेरफार करायचा तो त्यानंतर करावा.